मायना, मजकूर आणि राहिलेले उत्तर

पुण्याला जुन्या पत्रांचे मोल समजावून सांगावे लागत नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा होता. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. पुढे १९३०नंतरच्या चार-पाच वर्षांत गोविंद सखाराम सरदेसायांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. रुमाल सोडायचा, घडी बेताने उलगडायची, मायना वाचायचा आणि मजकुराला हात घालण्याआधी तारीख लावून घ्यायची, ही शिस्त या शहराच्या अंगवळणी पडलेली आहे. मंडळाच्या दारातून निघून पाऊण तास चालले, की रास्ता पेठेत सुक्कथ शेलोमो हे १९२१ साली बांधलेले ज्यूंचे प्रार्थनामंदिर लागते. तिथे प्रार्थना हिब्रूत होते आणि प्रार्थनेनंतरच्या गप्पा मराठीत. या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा, म्हणजे बेने इस्राएलांचा पत्रव्यवहार मात्र अजून बहुतांशी घराघरांतल्या ट्रंकांतच आहे. तिथपर्यंत जाण्याची वाट दाखवावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

ज्या अभ्यासक्षेत्रात मी तुम्हाला बोलावतो आहे, ते असे: ज्यू मुत्सद्दी आणि ज्यू धर्माचार्य यांच्यातला ऐतिहासिक पत्रव्यवहार गोळा करणे, लावणे आणि वाचणे. ज्यूंच्या इतिहासात पत्राला एवढे महत्त्व का, हे आधी ध्यानात घ्यावे. जवळजवळ १९ शतके या लोकांना स्वतःचे राज्य नव्हते. जिथे राजधानी नाही तिथे दरबार नाही, आणि दरबार नाही तिथे समोरासमोर निवाडाही नाही. कैरो, बगदाद, कोचीन, ॲमस्टरडॅम अशा दूरदूरच्या गावांत विखुरलेल्या समाजाचा कारभार चालला तो पत्रांवर. शंका आली की धर्मपंडिताला पत्र जायचे आणि त्याचे उत्तर म्हणजेच निर्णय मानला जायचा. अशा प्रश्नोत्तरांचे शेकडो ग्रंथ हिब्रूत आहेत. पैठणच्या ब्रह्मवृंदाचे किंवा काशीच्या पंडितांचे निर्णय पत्राने मागवण्याची चाल आपल्याकडे होती, तिच्याशी हे ताडून पाहिले तर मराठी वाचकाला त्यात परके काही वाटणार नाही. फरक एवढाच की आपल्याकडे निर्णयामागे राजसत्ता उभी करता येई. ज्यूंच्या बाबतीत ते काम समाजातला एखादा वजनदार माणूस करी: सुलतानाचा वैद्य, राजाचा सावकार, कंपनीचा दलाल, आणि विसाव्या शतकात पंतप्रधान. तो माणूस आणि धर्माचार्य एकमेकांना काय लिहीत, यात त्या समाजाचे सगळे राजकारण सापडते.

यात आपला, म्हणजे महाराष्ट्राचा, संबंध पुष्कळ जुना आहे.

इ. स. १२००च्या सुमारास कैरोलगतच्या फुस्तातमधून मायमॉनिडीज याने दक्षिण फ्रान्समधल्या लुनेल गावच्या पंडितांना एक पत्र लिहिले. मायमॉनिडीज दोन्ही अंगांनी या विषयाचा नायक आहे. तो इजिप्तच्या दरबारात वैद्य होता आणि त्याच वेळी त्या काळातला सर्वांत मोठा धर्मशास्त्री. त्या पत्रात जगभरच्या ज्यूंची विद्या कशी ओसरत चालली आहे हे सांगताना तो हिंदुस्थानातल्या ज्यूंचाही उल्लेख करतो: शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळणे आणि आठव्या दिवशी सुंता करणे यापलीकडे त्यांना धर्माचे काही ठाऊक नाही, असा त्याचा आशय आहे. कोणत्या किनाऱ्यावरचे ज्यू, हे तो सांगत नाही. पण कोकणातल्या बेने इस्राएलांच्या परंपरेशी हे वर्णन इतके जुळते की अभ्यासक या ओळीकडे पुन्हा पुन्हा वळले आहेत. हिंदुस्थान हा मायमॉनिडीजसाठी केवळ ऐकीव मुलूख नव्हता. त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड व्यापारासाठी निघाला असता हिंदी महासागरात बुडून मेला. त्या दुःखाने आपण वर्षभर अंथरुणाला खिळलो होतो, असे त्याने पुढे आक्रा येथल्या एका स्नेह्याला कळवले. शास्त्रार्थाने भरलेल्या पत्रसंग्रहात ते एक पत्र हातात आले की माणूस थांबतोच.

दुसरे पत्र १७६८चे. कोचीनचा एझिकेल रहाबी हा डच ईस्ट इंडिया कंपनीशी व्यवहार करणारा मोठा व्यापारी आणि मुत्सद्दी. त्याने हॉलंडमधल्या टोबियास बोआस या सावकाराच्या प्रश्नांना उत्तर देताना मराठ्यांच्या मुलखात राहणाऱ्या ज्यूंची हकिकत लिहिली. ते तेल गाळतात, शब्बाथ पाळतात, ‘शेमा’ ही एक प्रार्थना म्हणतात, इतपत माहिती त्यात आहे. त्या वर्षी पुण्यात थोरले माधवराव पेशवे गादीवर होते. कुलाब्याच्या खेड्यापाड्यांत ज्यांना शनवार तेली म्हणत, त्या माणसांची दखल पुण्याच्या कारभाऱ्यांनी घेतली असेल तर ती गावगाड्यातली एक तेली जात एवढीच. त्याच माणसांविषयी कोचीनहून हॉलंडला धर्मबांधव म्हणून पत्र जात होते. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणे हे काम पुण्यातच होऊ शकते, कारण त्यातली एक बाजू मोडीत आहे.

आता या दोन पत्रांत काय नाही, ते पाहा. पहिल्यात बहुधा आणि दुसऱ्यात निश्चित बेने इस्राएलांविषयी लिहिले आहे. त्यांनी स्वतः लिहिलेले काही नाही. या क्षेत्रात पाऊल टाकताना ही एक गोष्ट मनाशी बांधून ठेवावी, असे मला कळकळीने वाटते. सत्तेजवळच्या आणि शास्त्राजवळच्या माणसांची पत्रे टिकतात. ज्यांच्याविषयी ती लिहिली जातात त्यांचे म्हणणे हरवते, किंवा ट्रंकेत पडून राहते. पुण्यातल्या संग्राहकाने पहिली नजर त्या ट्रंकेकडे वळवावी.

मुत्सद्दी आणि धर्मगुरू यांच्या पत्रांत नेमके असते काय, याचा अंदाज आपल्याकडच्या एका संग्रहावरून चांगला येतो. दत्तात्रेय बळवंत पारसनिसांनी १९०० साली ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांचे चरित्र आणि पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. शाहू महाराज, बाजीराव, चिमाजीअप्पा, आंग्रे हे सगळे स्वामींना लिहीत होते. धर्मोपदेशाच्या अपेक्षेने तो संग्रह उघडणाऱ्याला पानोपानी भेटतो तो पैसा: कर्ज, व्याज, तगादा, देणगी, रुसवा. राजवाड्यांनी त्याच सामग्रीवरून स्वामींविषयी फार कठोर मत दिले. मला ते मत पुरते पटत नाही, पण पत्राकडे भाबडेपणाने पाहू नये हा त्यातला धडा पक्का आहे. ज्यू धर्माचार्यांच्या पत्रांतही वर्गणी, नेमणुका, प्रार्थनामंदिराची दुरुस्ती, कोणाच्या मुलीचे लग्न कोणाशी, हेच विषय अधिक. धर्म यातूनच चालतो, म्हणून ही पत्रे क्षुल्लक समजून बाजूला ठेवू नयेत.

पुणे कँपातले लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड, हे या विषयाचे दुसरे दार. डेव्हिड ससून १८३२ साली मुंबईत येऊन स्थिरावले. त्यांचे घराणे बगदादच्या ज्यू समाजाचे पुढारपण करणारे, आणि तिथल्या सुभेदाराच्या जाचामुळे त्यांना बगदाद सोडावे लागले. १८६४ साली पुण्यातच त्यांचे देहावसान झाले आणि लाल विटांच्या त्या उंच मनोऱ्याच्या आवारात त्यांची समाधी आहे. ज्यांच्या नावाचे रुग्णालय प्रत्येक पुणेकराला ठाऊक आहे, त्या घराण्याचा धर्मविषयक पत्रव्यवहार बगदादशी होता. मुंबई-कलकत्त्याच्या बगदादी ज्यूंना शंका आली की प्रश्न तिकडच्या हाखामांकडे, म्हणजे धर्मपंडितांकडे, जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रब्बी योसेफ हायिम यांचा शब्द त्यात प्रमाण मानला जाई. ही पत्रे भाषेने अरबी आणि लिपीने हिब्रू असतात. मराठी मजकूर मोडीत वाचणाऱ्याला भाषा एक आणि वळण दुसरे या प्रकाराचे भय वाटू नये.

याच घराण्यातले, मुंबईत जन्मलेले डेव्हिड सॉलोमन ससून हे विसाव्या शतकातले फार मोठे हस्तलिखित संग्राहक. त्यांनी १९३२ साली आपल्या संग्रहाची दोन खंडांत वर्णनात्मक सूची काढली आणि तिला नाव दिले ‘ओहेल दाविद’. पुण्याच्या लाल देवळाचे आणि जगातल्या एका नामांकित सूचीचे नाव एकच आहे, हे देवळावरून रोज जाणाऱ्यांना कळले पाहिजे. त्यांच्या मातोश्री फ्लोरा ससून यांची विद्वत्ता रब्बींनीही मानलेली होती. तेव्हा या विषयातली सगळी पत्रे पुरुषांचीच असणार, असे गृहीत धरून कुठल्याही घरात जाऊ नये.

बेने इस्राएलांनी स्वतः लेखणी उचलली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्यातला एक टप्पा पुण्यात आहे. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह ‘हगादा’ छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचायचा हा ग्रंथ. त्यातल्या चित्रांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या पेहरावात आहेत. मी पत्रांविषयी लिहीत असताना छापील ग्रंथ मध्येच आणला, कारण या हगादेतले मराठी हीच पुढच्या पत्रांची भाषा आहे. हिब्रू शब्दांना मराठी प्रत्यय कसे लागतात, देवाचे नाव कसे लिहितात, सणाला काय म्हणतात, हे तिच्यातून कळते. प्रार्थनामंदिराला हा समाज पूर्वी ‘मशीद’ म्हणे. पत्रात ‘मशिदीत लग्न लागले’ असे वाचून नवखा संग्राहक तो कागद मुसलमान कुटुंबाचा समजून बाजूला ठेवील. तसे होऊ नये.

या पिढीतले दोन कारभारी ध्यानात ठेवावेत. शालोम बापूजी वरघरकर जंजिरा संस्थानचे कारभारी होते, आणि जेकब बापूजी इस्राएल औंध संस्थानचे. सिद्दीच्या आणि पंतप्रतिनिधींच्या दरबारात बसणारे हे मराठी ज्यू मुत्सद्दी. औंध, जंजिरा ही नावे ज्यांच्या संशोधनात रोज येतात अशा पुणेकर अभ्यासकांनी संस्थानी दफ्तरे चाळताना या दोन सह्यांकडे लक्ष ठेवले, तर या क्षेत्राला मोठी भर पडेल.

१८९७ साली बाझेलला पहिली झायनिस्ट परिषद भरली. तिचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्राएलांनाही आले होते. त्यांनी ते स्वीकारले नाही. मायभूमीत परतणे हे देवाच्या हातचे, माणसांनी परिषद भरवून व्हायचे काम नव्हे, अशी त्यांची धारणा होती. त्याच साली हायिम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला, पण तो छापून निघाला १९३७ साली, लेखकाच्या पश्चात, तेल अवीवला. तो छापवून घेणारे इमॅन्युएल ओल्सवँगर हे झायनिस्ट संघटनेचे दूत म्हणून १९३६ साली हिंदुस्थानात आले होते. गांधीजींना आणि नेहरूंना भेटून आपली बाजू मांडावी, हे त्यांचे काम. राजकारणासाठी आलेला माणूस जाताना एका कोकणी ज्यूचे हस्तलिखित घेऊन गेला आणि ते जगापुढे आले. संग्राहकाला असे योग मागून मिळत नाहीत, पण डोळे उघडे ठेवले तर मिळतात.

गांधीजींच्या नावाने एक धागा जेरुसलेमला जातो. नोव्हेंबर १९३८मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांचा ज्यूंविषयीचा लेख आला. त्यावर तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी २४ फेब्रुवारी १९३९ रोजी आणि रब्बी यहूदा मॅग्नेस यांनी २६ फेब्रुवारीला गांधीजींना पत्रे लिहिली. मॅग्नेस हे हिब्रू विद्यापीठाचे प्रमुखही होते. ही दोन्ही पत्रे पुस्तिकेत छापली गेली आणि आज जगभर वाचली जातात. गांधीजींचे उत्तर संग्रहांत नाही. ज्याचे उत्तर सापडत नाही अशा पत्राच्या नोंदीत ती जागा रिकामी म्हणून दाखवावी. ती आपल्या तर्काने भरू नये.

आणखी एक उदाहरण, कारण त्यातले एक नाव मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय गृहाला ब्रिटिश सरकारचा पाठिंबा सांगणारा जो बाल्फोर जाहीरनामा प्रसिद्ध आहे, तो मुळात एक पत्र आहे: २ नोव्हेंबर १९१७, लॉर्ड रॉथशिल्ड यांच्या नावे. त्याआधी महिनाभर मसुदा निवडक ज्यू पुढाऱ्यांकडे मत विचारण्यासाठी धाडला गेला. ब्रिटनचे मुख्य रब्बी जोसेफ हर्ट्झ यांनी जोरदार अनुकूल मत दिले. मंत्रिमंडळात कडाडून विरोध करणारे होते एडविन माँटेग्यू, स्वतः ज्यू आणि त्या वेळचे भारतमंत्री. ज्यांच्या नावाच्या सुधारणांवर टिळकांच्या पुण्यात एवढे वादळ झाले, तेच. मुत्सद्दी एका बाजूला आणि धर्मगुरू दुसऱ्या बाजूला, आणि वादाचा विषय एकच: ज्यू म्हणजे कोण? धर्माने बांधलेला समाज, की राष्ट्र?

हाच प्रश्न पुढे आपल्या माणसांच्या दाराशी कसा आला, ते आता सांगतो. माझ्या मते या क्षेत्राचा गाभा इथे आहे.

१९ जून १९४७. इस्राएल राज्य अजून झालेले नाही. संयुक्त राष्ट्रांची समिती पॅलेस्टाइनमध्ये चौकशीला आलेली आहे आणि ज्यूंनी तिच्यापुढे एकमुखाने बोलावे अशी नेत्यांची धडपड चालली आहे. त्या दिवशी ज्यू एजन्सीच्या वतीने आगुदात इस्राएल या कर्मठ धर्मनिष्ठांच्या संघटनेला एक पत्र गेले. सह्या तीन: डेव्हिड बेन गुरियन, रब्बी फिशमन आणि इत्झाक ग्रुनबाउम. एक मुत्सद्दी, एक धर्मगुरू आणि एक कट्टर इहवादी एकाच कागदावर आले, एवढ्यावरूनच वेळ किती निकडीची होती ते कळते. पत्रात चार आश्वासने आहेत. शब्बाथ हा राज्याचा सुटीचा दिवस राहील. सरकारी स्वयंपाकघरांत धर्मनियमाप्रमाणे अन्न शिजेल. धर्मनिष्ठांच्या शाळांचा कारभार त्यांच्याकडे राहील. आणि विवाहाच्या बाबतीत? तिथे पत्राचा सूर बदलतो. प्रश्न गंभीर आहे, लोकांत फूट पडू नये म्हणून शक्य ते सर्व केले जाईल, अशा आशयाचे मोघम शब्द येतात. बाकी तीन मुद्द्यांवर ठोस बोलणारी लेखणी इथे बिचकली आहे. जुन्या पत्रांत मजकूर जिथे मोघम होतो, तिथेच बहुधा पुढचे भांडण पेरलेले असते.

राज्य झाल्यावर विवाहाचा कारभार धर्मन्यायालयांकडे गेला. १९५८ साली बेन गुरियन यांनी पंतप्रधान या नात्याने जगभरच्या ५०च्या आसपास ज्यू विद्वानांना पत्र पाठवून विचारले, की मिश्र विवाहातल्या मुलांची नोंद कशी करावी. रब्बी, न्यायमूर्ती, साहित्यिक, तत्त्वज्ञ अशांची उत्तरे आली. ती बारूख लिटविन या अमेरिकेतल्या एका व्यावसायिकाने नेटाने गोळा केली आणि १९६५ साली ती ग्रंथरूपाने आली. विद्यापीठाबाहेरचा माणूस काय करू शकतो, याचे हे उदाहरण मी नव्या संग्राहकांना मुद्दाम देतो.

त्या पत्रांत बेने इस्राएलांचा प्रश्न नव्हता. तो थोड्याच दिवसांत आला. १९४८च्या सुमारास भारतात २० हजारांच्या आसपास असलेला हा समाज लोद, रामले, बेरशेबा, दिमोना इकडे स्थायिक होऊ लागला होता. त्यांची मुलेमुली इतर ज्यूंशी लग्ने ठरवू लागली आणि काही रब्बी ती लावायला नकार देऊ लागले. शंका अशी, की शेकडो वर्षे गुरूंवाचून राहिलेल्या या समाजात काडीमोड झाली असेल तर ती शास्त्राप्रमाणे झाली असेल का? ज्यू शास्त्रात नवऱ्याने बायकोच्या हाती लेखी ‘गेट’ दिल्याखेरीज विवाह सुटत नाही. ते नसताना झालेल्या पुनर्विवाहाच्या संततीवर पिढ्यान्‌पिढ्या बंधने येतात. मराठीतला ‘सोडचिठ्ठी’ हा शब्द त्या ‘गेट’ला चपखल बसतो. एक चिठ्ठी होती की नव्हती, यावर एका समाजाची प्रतिष्ठा अडकली.

मुख्य रब्बी इत्झाक निस्सिम यांच्या कारकिर्दीत ऑक्टोबर १९६१मध्ये रब्बींच्या मंडळाने बेने इस्राएलांशी विवाहाला मोकळीक दिली, पण फेब्रुवारी १९६२मध्ये नोंदणी करणाऱ्यांसाठी सूचना निघाल्या, की अशा विवाहाआधी आई, आजी आणि त्यापलीकडे शक्य तितक्या मागे जाऊन चौकशी करावी. या सूचनांत बेने इस्राएलांचे नाव होते. ज्या समाजाने कोकणात शेकडो वर्षे शब्बाथ सोडला नाही, त्याच्या मुलीला आजीचे कूळ सिद्ध करायला सांगणे हा अपमान होता. तो अपमानच होता, असे मी स्पष्ट म्हणतो. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बेने इस्राएलांनी ठिय्या दिला. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांना मध्ये पडावे लागले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटची, म्हणजे इस्राएलच्या संसदेची, खास बैठक झाली आणि बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत, त्यांच्यात व इतरांत कसलाही भेद नाही, असे सरकारचे मत नोंदले गेले. ऑगस्ट सरता सरता सूचनांतून समाजाचे नाव वगळण्यात आले.

या तीन वर्षांतली पंतप्रधान आणि मुख्य रब्बी यांच्या बाजूची कागदपत्रे जेरुसलेमच्या सरकारी अभिलेखागारांत आणि ग्रंथालयांत सांभाळलेली आहेत. दुसरी बाजू कुठे आहे? आजीचे कूळ सिद्ध करायचे तर चौकशी भारतातच करावी लागणार. आजीचे माहेर पेणचे की नवगावचे, लग्न कोणत्या मशिदीत लागले, केतुबा, म्हणजे विवाहाचा करारनामा, कोणाकडे आहे, हे विचारणारे पत्र कोणाला जाणार? रास्ता पेठेतल्या, खडकीच्या, अलिबागच्या, मुंबईच्या मावशीला, काकाला. आणि तेही मराठीत.

समजा, असा एक निळा एरोग्राम तुमच्या हाती आला. तीन घड्यांचा पातळ कागद, जागा पुरली नाही म्हणून समासातून वर चढत गेलेल्या ओळी, आणि फाडून उघडताना डिंकाच्या कडेपाशी तुटलेले चार शब्द. तो तुकडा फेकलेला नसेल तर तो आधी शोधा. वर ‘ती. मावशीस सा. न. वि. वि.’ असे असेल, किंवा कोपऱ्यात ‘बेथ’ आणि ‘हे’ ही दोन हिब्रू अक्षरे असतील. ‘देवाच्या साहाय्याने’ हा त्यांचा अर्थ. आपल्या ‘॥ श्री ॥’ची ती जागा. धर्माचार्याच्या पत्रावर ती असायचीच. धर्मापासून अंतर राखणाऱ्या मुत्सद्द्याच्या पत्रावर बहुधा नसतात. म्हणजे मायना वाचण्याआधीच लिहिणाऱ्याची बाजू थोडी उमगते. रब्बींच्या नावापुढे दीर्घायुष्य चिंतणारी चार-पाच अक्षरांची जोडणी येते आणि दिवंगताच्या नावापुढे वेगळी. आपल्याकडच्या ‘चि.’ आणि ‘कै.’सारखी. ती कळली की अमुक माणूस पत्र लिहिताना हयात होता की नाही, हे वेगळे शोधावे लागत नाही.

तारखेचे तसेच. हिब्रू वर्ष अक्षरांनी लिहितात. ताव म्हणजे ४००, शीन म्हणजे ३००, झायिन म्हणजे ७; बेरीज ७०७. हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो, तो ५००० धरायचा. ५७०७मधून ३७६० वजा केले की १९४७. मघाशी सांगितलेल्या १९ जूनच्या पत्राचा हिब्रू दिवस तम्मूझ महिन्याची १ तारीख, साल हेच. मात्र ज्यूंचे नवे वर्ष शरदात, सप्टेंबर-ऑक्टोबरात लागते. तेव्हापासून डिसेंबरअखेर वजाबाकी ३७६१ची करावी. पेशवाईतली पत्रे लावणाऱ्याला हे ओळखीचे वाटेल. शुहूर सनात मृगाआधी ६०० मिळवायचे आणि मृगानंतर ५९९, हे आपण करत आलोच आहोत. पुष्कळदा महिनाही नसतो, नुसता वार आणि त्या आठवड्यात वाचायचा तोरातला पाठ असतो. त्या पाठांची यादी जवळ ठेवली की तारीख आठवड्यापर्यंत नक्की होते.

घरोघर जाताना काही पथ्ये पाळावीत. पत्र मागून आणू नये. त्या घरातच बसून त्याचे छायाचित्र घ्यावे आणि मूळ कागद परत त्याच घडीत ठेवावा. पाकीट, तिकीट, टपालाचा शिक्का हे मजकुराइतकेच महत्त्वाचे. प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करून कागद टिकवू नये, तो गुदमरतो. चिकटपट्टी तर लावूच नये. लग्न, काडीमोड, कूळ यांविषयीच्या पत्रांत हयात माणसांची नावे असतात. त्यांच्या संमतीवाचून ती छापू नयेत. या समाजाने एकदा कूळ विचारल्याचा मनस्ताप भोगलेला आहे. आपली विचारपूस त्यांना पुन्हा चौकशीसारखी वाटली, तर चूक आपली. मलिदा या विधीत ताटात पोहे, नारळ, फळे मांडून एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे प्रेषित एलियाचे, नाव घेतले जाते, तेव्हा पाहुण्याला आग्रहाने बसवून घेतात. तिथे आधी बसावे. कागदाचा विषय दुसऱ्या भेटीत काढावा.

मोडी येणाऱ्यांनी जुनी बाडे घ्यावीत. हिब्रू शिकायची तयारी असलेल्या तरुणांनी रब्बींची पत्रे घ्यावीत. अक्षरे २२च आहेत. ज्यांना दोन्ही येत नाही, त्यांनी विसाव्या शतकातली देवनागरी पत्रे घ्यावीत, कारण काम तिथेच सर्वांत जास्त आहे आणि वेळ सर्वांत कमी. १९६२ साली ज्यांच्या लग्नाची चौकशी झाली, ती माणसे आज ऐंशीच्या पुढची आहेत. पत्रातल्या ‘बाबल्या’ म्हणजे कोण आणि ‘त्या प्रकरणा’त काय झाले, हे सांगू शकणारी तीच. राजवाडे कागदांच्या शोधात गावोगाव पायी हिंडले. आपल्याला रास्ता पेठेपर्यंत जायचे आहे.

तुमच्या घरी, शेजारी, ओळखीत असा एखादा एरोग्राम, एखादी केतुबा, एखादी वही असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. पाकिटासकट ठेवा, मागे कोणतीही खूण करू नका, आणि ज्यांना ते अक्षर ओळखता येते त्यांना ते या आठवड्यातच दाखवा.